गप्प बसलेली पेटी

तुम्ही बॅटरी वाचवण्याचा विषय काढलात म्हणून सांगतो. शाळा सातवीत सुटल्यावर मी आचऱ्याला रेडिओ दुरुस्त करायचो. तेव्हा तोंडवलीच्या टोकावर एका इंजिनिअर साहेबांनी वारा मोजणारी पेटी बसवली. ती दर मिनिटाला वाऱ्याचा आकडा तारेतून खाडीकाठच्या आमच्या खोलीत पाठवायची, आणि त्या बोलण्यातच तिची बॅटरी चार दिवसांत संपायची. ती सायकलवरून चार्जिंगला न्यायचं काम माझं.

होडीवाले बाबलकाका एकदा म्हणाले, "रापणीच्या जाळ्यावर टेहळणी करणारो मासो दिसल्याशिवाय ओरडता काय रे?"

मी भीत भीत ते साहेबांना सांगितलं. त्यांनी पेटीचा प्रोग्राम बदलला. वारा बदलला तरच बोलायचं. बॅटरी महिनाभर टिकू लागली आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

एका सकाळी काकांनी विचारलं, "भायर वारो कसो आसा?" खाडीच्या आडोशाला तो कळत नाही.

"पेटी गप्प आसा काका. म्हणजे वारो कालचोच."

काका होडी घेऊन गेले. दुपारी मी टोकावर गेलो, तर तार तुटून पडलेली आणि समुद्र उसळलेला.

संध्याकाळी काका एका फळीला धरून किनाऱ्याला लागले. होडी गेली. मी त्यांचे पाय धरले.

ते म्हणाले, "गप्प आसा म्हणजे जिती आसा, ह्यां तुका कोणी सांगल्यान?"

साहेबांना सांगून मी प्रोग्राम पुन्हा बदलून घेतला. वारा बदलो न बदलो, पेटी दर तासाला एक अक्षर पाठवू लागली. त्यात किती बॅटरी जाते, हे मी कधी मोजलं नाही.