मामांचं लो-कार्ब

आमच्या उमरठच्या मामांनी भात सोडला होता, ते सांगितलं का तुम्हाला? आता तब्येत सावरली आहे, म्हणून हसत सांगतोय.

मामांना साखर, त्यात किडनीही कमजोर. त्यांचा मुलगा मुंबईहून आला आणि म्हणाला, "बाबा, लो-कार्ब करा. भात-भाकरी बंद, अंडी-मटण पोटभर." आयुष्यात कसलंही पथ्य न पाळलेल्या मामांनी हे मात्र इमानाने पाळलं. मामी ओरडायची, "अवो, आज सोमवार हाय!"

"औषधाला वार नसतो गो!"

साखर उतरली. मामा ऐटीत महाडला डॉक्टरांकडे गेले, सोबत मी आणि मामी. रिपोर्ट बघून डॉक्टर गंभीर झाले. "साखर छान आहे, पण क्रिएटिनिन वाढलंय. किडनी अशी असताना एवढं मटण? मला न विचारता? ते कमी करा, थोडा भात सुरू करा."

मामी घाबरली. मामांनी मात्र जरा विचार केला आणि खुर्ची पुढे ओढली.

"डॉक्टर, किडन्या दोन असतात ना? मग एकीनं पथ्य पाळलं तर नाय चालायचं?"

डॉक्टर म्हणाले, "चाललं असतं हो. पण दोघी एकाच ताटात जेवतात."