यावलात हीटर कशाला

जबाब, दि. ०२/०५/२०२५, वेळ दुपारी १.१०

नाव: श्रीमती कामिनी रतिलाल फिरके, वय ६६ वर्षे, धंदा: सेवानिवृत्त उपडाकपाल, रा. यावल, जि. जळगाव.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती रतिलाल तीन वर्षांपूर्वी वारले. ते केळीच्या व्यापारात होते आणि मालाच्या ट्रकबरोबर दिल्ली, जम्मूपर्यंत जात. आमची १९९६ सालची डिझेल जीप आहे. ती मी स्वतः चालवते. लायसन चालू आहे. ठाण्यात आल्या आल्या "आजी, गाडी कोण चालवत होतं?" असे विचारण्यात आले, म्हणून हे आधी लिहून घ्यायला सांगितले. मी आजी नाही.

सदर जीपमध्ये डॅशबोर्डखाली हीटर होता. पतींनी एकदा जम्मूच्या पुढे जाऊन बर्फ पाहिला. परत येताना तिथल्या जुन्या बाजारातून हा हीटर आणला आणि स्वतः बसवला. इंजिनातले गरम पाणी दोन रबरी नळ्यांतून त्यात फिरते आणि पंखा ती ऊब आत सोडतो. यावलमध्ये मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो हे मला माहीत आहे. हीटर यावलसाठी नव्हता. मला जीपमधून बर्फ दाखवायला न्यायचे, म्हणून होता.

दर दुसऱ्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी पती जीपचे पाणी बदलत. इंजिन थंड असताना रेडिएटरची खालची तोटी उघडून जुने पाणी डब्यात घेत. त्यात कूलंट मिसळलेले असल्याने ते गोडसर आणि विषारी असते, शेळ्या चाटतात, म्हणून गटारात सोडत नसत. मग निवळ येईपर्यंत साधे पाणी खेळवत. शेवटी निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर भरत. आपल्याकडचे बोअरचे पाणी क्षाराचे असते, ते भरायला कधी घेतले नाही. त्यानंतर झाकण उघडे ठेवून इंजिन चालू करायचे आणि हीटर पूर्ण उघडायचा, नाहीतर त्यात हवा अडकून राहते. या वेळी एक माणूस सीटवर बसून अॅक्सिलरेटर धरायला लागतो. तो माणूस मी होते. गल्लीतल्या सासुरवाशिणी माहेरी झोक्यावर असत आणि मी हीटरसमोर घामाने भिजत बसलेली असे. पती बॉनेटपाशी उभे राहून बुडबुडे बघत आणि म्हणत, "कामिनी, डोळे मिट. बाहेर बर्फ आहे असं समज." मी म्हणत असे, "समजायला काय, मी तुम्हाला शहाणंसुद्धा समजते."

२०२१ नंतर हे काम झाले नाही. जीपचे पाणी तांबडे झाले होते. माझा उजवा खांदा वर जात नाही, म्हणून दि. २८ एप्रिल रोजी मी जीप झुलाल मिस्तरीच्या गॅरेजवर दिली. तो मूळचा धुळ्याकडचा, अहिराणी बोलतो, हाताचा चांगला आहे. काम तोंडी सांगू नये, लिहून द्यावे, असे भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला शिकवले होते. मी नऊ मुद्दे लिहून दिले. पाचवा मुद्दा: हीटर पूर्ण उघडा ठेवणे.

जीप २९ तारखेला मिळाली. ३० तारखेला आखाजी होती. सकाळी साडेसातला मी जीपमध्ये बसले, इंजिन चालू केले आणि हीटरचा खटका फिरवला. खटका नुसता गरागरा फिरला. वाकून पाहिले तर हीटर जागेवर नव्हता. त्यानंतर मी सव्वाआठपर्यंत जीपमध्येच होते. त्या वेळेतले नोंदवण्यासारखे काही नाही.

झुलाल सणाला गावी गेला होता. तो आज सकाळी नऊ वाजता भेटला. मी विचारले, "हीटर कुठे आहे?"

तो म्हणाला, "मीच काढी टाका, अक्का. जाम व्हयेल व्हता. दोन्ही नळ्या एकमेकले जोडी दिन्यात. आते लीक व्हवानं टेन्शनच नही."

"कागद वाचला होतास?"

"मी वाचा ना. पाचवा नंबरले माले हसू उनं. आठे बठ्ठं गाव भट्टी शे अक्का, हीटर कसाले?"

जीप आता अजिबात तापत नाही, हे मी नाकारत नाही. झुलालने चोरी केली असेही माझे म्हणणे नाही. त्याने विचार केला, आणि तो त्याला झेपला नाही. हीटर त्याने धनसिंग भंगारवाल्याकडे टाकला होता.

मी लगेच तिथे गेले. ट्रक भरून फाटकाकडे तोंड करून उभा होता. धनसिंग म्हणाला, "अक्का, दोन टन लोखंडात तुमचा डबा कुठं शोधू? जळगावला नवा घ्या." मी म्हटले, "जळगावला कोणी हीटर लावत असतं, तर तुझ्या ढिगात दहा निघाले असते. एकच आहे, तो शोध." त्याने ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितले. माल एकदा भट्टीत गेला की संपले. म्हणून मी जीप फाटकात आडवी लावली, हँडब्रेक ओढला आणि चावी पर्समध्ये टाकली. धनसिंगने पोलिसांना फोन केला. त्याने सांगितलेली हकिगत खरी आहे. "बाई अंगावर आली" एवढे सोडून. मी जीपच्या बाहेरही आले नव्हते.

जबाब चालू असताना, १.४५ वाजता, झुलाल ठाण्यात आला. त्याने आणि दोन हमालांनी ट्रक उपसला होता. त्याने आणलेला पत्र्याचा डबा मला दाखवण्यात आला. डाव्या बाजूला माझ्या पावडरच्या डब्याच्या पत्र्याचे ठिगळ आहे, त्यावरून मी तो ओळखला. आतली तांब्याची जाळी आणि पंखा नाही. ते धनसिंगकडे कालच तोडून वेगळे झाले. हवालदार म्हणाले, "मॅडम, आता याचा उपयोग काय?" डबा माझ्या ताब्यात द्यावा. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. जीपची चावी मी आत्ता टेबलावर ठेवली आहे.

हीटर इतकी वर्षे गाडीत होता, तर तुम्ही बर्फ पाहायला गेला का नाहीत, असे हवालदारांनी विचारले. हा प्रश्न या प्रकरणाशी संबंधित नाही, तरी उत्तर देते. पती दर हिवाळ्यात विचारत. मी रजा नाही असे सांगत असे. खटारा जीपमधून एवढ्या लांब जाण्याची मला लाज वाटत होती. मी निवृत्त झाले त्या दिवशी माझ्या नावावर तीनशे दिवसांची रजा शिल्लक होती. तोवर पतींचे डायलिसिस सुरू झाले होते. हे वाक्य अवांतर समजून गाळू नये.

जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला. शुद्धलेखनाच्या चार चुका मी पेनने दुरुस्त केल्या. बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करते.

(सही) का. र. फिरके