खिडकीतली चंपा

मेघना : ...आणि तिसऱ्यांदा वाचताना मी एक पॅरा गाळला, तर पकडलं मला आजीनं.

सुनेत्रा : तीनदा? जाईकाकू, माझी गोष्ट तुम्ही तीनदा ऐकलीत?

जाईबाई : मगे? दिवाळी अंकातलं बारीक अक्षर मला कुठं दिसतंय. नातीचे डोळे आहेत म्हणून चाललंय. आता सांग, तुझा तो गंगाधर कोण?

सुनेत्रा : काकू, ती गोष्ट आहे हो. गंगाधर म्हणजे असाच एक...

जाईबाई : असाच एक? गिरणीच्या रंगखात्यात कामाला, संध्याकाळी नाटकवाल्यांचे पडदे रंगवतो, आणि रस्त्याच्या देखाव्याच्या पडद्यावर माडीच्या खिडकीत दर वेळी तीच बाई काढतो. अख्ख्या लालबागेत असा दुसरा कोण होता ता सांग.

मेघना : ताई, नाव बदलून काय फायदा? कानामागे ब्रश खोचायची आजोबांची स्टाइलपण तशीच ठेवलीये तुम्ही.

सुनेत्रा : चुकलं माझं. विचारायला हवं होतं. पण काकू, तेव्हा दोन वर्षं मला एक ओळ सुचत नव्हती. नाटकं बघितली, चित्रांची प्रदर्शनं पालथी घातली, कोरडी ती कोरडीच. मग काका आजारी पडले, मी त्यांना पेपर वाचून दाखवायला यायला लागले. एकदा सहज विचारलं, ती खिडकीतली बाई कोण हो? ते बोलत राहिले. घरी आले आणि एका बैठकीत गोष्ट लिहून काढली. काका गेल्यावर तीन वर्षं कपाटात ठेवली होती.

मेघना : एक मिनिट. म्हणजे ते खरंय? ती बाई आजी नाहीये? मला वाटलं, तो मसाला तुम्ही टाकलाय!

जाईबाई : तू गप. सुनेत्रा, ह्यांनी काय सांगितलं तुला? चंपा?

सुनेत्रा : ...तुम्हाला माहीत होतं?

जाईबाई : पडदे शिवले कोणी? मांजरपाटाचे पट्टे जोडून, खळ लावून, वाळवून कोण द्यायचं? माझं नाक बघ. भजी. पडद्यावरचं तिचं, कसं धारदार. डोळे होते गो मला.

मेघना : आणि ती भजी मलाच मिळालीये.

सुनेत्रा : मग तुम्ही कधी बोलला नाहीत काकांना?

जाईबाई : लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात विचारलं. ह्यांनी सरळ सांगितलं. गावी शेजारच्या वाडीतली, लग्न होऊन वडाळ्याला आलेली. मी गेले बघायला.

मेघना : आजी! तू स्टॉक केलंस तिला?

जाईबाई : ता काय ता? हळदीकुंकवाचं निमित्त काढलं, गावची ओळख सांगितली, आत जाऊन बसले. पाण्याबरोबर गूळ दिला तिनं. नाक सोडलं तर बाई साधीच. तिच्या मनात कायसुदा नव्हतं.

सुनेत्रा : राग आला असेल.

जाईबाई : आला ना. आठ दिवस पडद्याला खळ लावली नाही. नाटकवाले दारात येऊन उभे. मग लावली. त्यांची काय चूक?

सुनेत्रा : आणि मी लिहिलं, बायको जन्मभर त्या पडद्याकडे बघून लाजते, तिला वाटतं ती आपणच.

जाईबाई : त्यासाठीच आले. ही सांगत होती, पुस्तक निघतंय.

सुनेत्रा : हो. प्रूफं उद्या द्यायचीत. पण काकू, खरं सांगू? सगळ्यांना तो शेवटच आवडला. पत्रं आली मला, रडलो म्हणून.

जाईबाई : रडतीलच. माझी कीव येते त्यांना. बाकी सगळं राहू दे, चंपा राहू दे. मला येडी करून सोडू नको.

सुनेत्रा : मग खरा शेवट काय होता?

जाईबाई : ह्यांचा अखेरचा पडदा. शाळेच्या गॅदरिंगचा. रस्ता झाला, दुकानं झाली, दिव्याचा खांब झाला, आणि खिडकीशी येऊन थांबले. तासभर नुसते उभे. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, "जाई, तिचो चेहरो आठवणा नाय गो." डोळ्यांत पाणी.

मेघना : मग?

जाईबाई : मग मी सांगितला. भुवया जवळजवळ, खालचा ओठ जाड, डावा गाल जरा भरलेला. ह्यांनी तिला पोरवयात बघितलेली. मी पंचेचाळीस वर्षं बघत होते, गुंडाळताना, उलगडताना. मी सांगत गेले, ते काढत गेले.

(सुनेत्रा प्रूफांचा गठ्ठा पुढे ओढते.)

मेघना : आजी, हे आम्हाला कधी का नाही सांगितलंस?

जाईबाई : विचारलंत कधी? हिनं निदान त्यांना विचारलं.

सुनेत्रा : आता तुम्हाला विचारते. चित्र पुरं झाल्यावर काका काय म्हणाले?

जाईबाई : काय म्हणणार? ब्रश धुतले. मग दोन ताटं घेतली, आणि आधी मला वाढलं.