शाईच्या बाटल्यांच्या वर

मी, खाली सही करणारी, वय ६७, धंदा काही नाही (उत्खनन विभागातून सेवानिवृत्त), राहणार टेकाडावरील शेवटचे घर, समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. टेकाडाखाली प्राचीन वस्ती आहे. गेल्या महिन्यात वारसा समितीला तेथील चरात एक दगडी शिर सापडले. ते दोन हजार वर्षांपूर्वीचे असल्याचे समितीने जाहीर केले व संग्रहालयासाठी टेकाडावरची घरे हलवण्याची मागणी केली. त्यात माझेही घर आहे. समितीचा अध्यक्ष माझा सख्खा धाकटा भाऊ आहे.

आज सकाळी समितीने लोकांना चर पाहायला बोलावले होते. शिर अगदी तळाशी सापडले, असे भावाने सर्वांना सांगितले. मी म्हणाले, "हा तळ नाही. आणखी हातभर खणा."

तो म्हणाला, "अक्का, घर जातंय म्हणून कुठल्या थराला जाशील?"

"खालच्या," असे म्हणून मी चरात उतरले व खुरपीने खणू लागले. परवानगी घेतली नव्हती, हे खरे आहे. मी कोणालाही ढकलले नाही. भावाने माझा दंड धरला होता, तो सोडवून घेतला. शाईच्या तीन रिकाम्या बाटल्या निघाल्या. गर्दीतून कोणी तरी ओरडले, "अहो अध्यक्ष, यासुद्धा दोन हजार वर्षांच्या का?"

त्या बाटल्या मी ठेवलेल्या आहेत. नोकरीच्या पहिल्या वर्षी हाच चर आम्ही तळापर्यंत खणला होता. चर बुजवताना तळाशी चालू काळातली वस्तू ठेवण्याची आमच्यात रीत आहे. पुढे खणणाऱ्याला कळते की येथवर काम झाले आहे. शिर बाटल्यांच्या वर, आम्ही टाकलेल्या मातीत होते. म्हणजे ते आमच्यानंतर तेथे गेले.

ते पुरताना मी कोणाला पाहिलेले नाही.

जुन्या चराची जागा कोणाला ठाऊक होती, असे विचारल्यावरून सांगते की, त्या वेळच्यांपैकी आता दोघेच हयात आहोत. मी, आणि चराच्या दोऱ्या बांधायला मीच कामावर लावलेला माझा भाऊ. चर बुजवला त्या दिवशी त्याला ताप होता. येऊ नकोस, असे मीच त्याला बजावले होते. बाटल्यांचे त्याला पुढे कधी सांगितले नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी चष्मा लावून स्वतःही वाचला. 'भाऊ' ऐवजी 'संशयित' लिहायचे का, असे हवालदारांनी विचारले. 'संशयित' लिहावे, पण 'भाऊ' खोडू नये, असे मी सांगितले. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.