बादलीवर पहारा

...आणि वर मलाच विचारतात, “मर्ल, तू स्वतः एकदा दारापासून खेळून बघितलास का रे तुझा खेळ?” आता मला सांगा, हा काय प्रश्न झाला? माझ्या खेळाच्या दारापाशी काय आहे आणि दाराच्या आत काय आहे, याच्याशी बाईंना काय करायचंय? आणि विचारलं तेही कसं, तर माझ्यापुढे लिंबाच्या वड्यांचं तबक धरून! मी उभा जन्म इन्शुरन्स कंपनीत क्लेम तपासण्यात घालवलाय. ज्यानं आपलं गोदाम आपल्या हातानं पेटवलेलं असतं ना, तो तुम्हाला आधी काहीतरी गोड खायला घालतो. अनुभव आहे माझा. मी वडी घेतली, खाल्ली, चांगली झाली होती... पण उत्तर दिलं नाही.

तुम्हाला सांगतो, मी कुणावर संशय घेत नाही. मी आपला विचार करतो.

नाही, तुम्हाला हे मुळापासून सांगायला हवं. आमच्या या पार उत्तरेकडच्या डुलुथ गावात हिवाळ्यात माणसाला दोनच उद्योग. दारापुढचा बर्फ उपसायचा, नाहीतर घरात बायकोच्या मागेमागे फिरत ‘हे इथे का ठेवलंय, ते तिथे का ठेवलंय’ करायचं. मी रिटायर झालो आणि पहिलाच हिवाळा संपायच्या आत कोरीननं, म्हणजे आमच्या मंडळींनी, मला गाडीत घातलं आणि लायब्ररीच्या तळघरात नेऊन सोडलं. तिथे एक मंडळ जमतं. शब्दांचे खेळ तयार करणारं. म्हणजे कॉम्प्युटरवरचेच खेळ, पण चित्र नाही, बंदुका नाहीत, ढॅण ढॅण आवाज नाही. कॉम्प्युटर नुसतं लिहून सांगतो, तुम्ही अमक्या ठिकाणी उभे आहात, समोर दार आहे. तुम्ही टाइप करायचं, दार उघड. तो म्हणतो, कुलूप आहे. तुम्ही म्हणायचं, किल्ली घे. तो म्हणतो, कुठली किल्ली, मला तर दिसत नाही. लग्न झालेल्या माणसाला हा खेळ लगेच जमतो.

बरं, हे खेळ करायचे कुणी, तर आम्हीच, आणि खेळायचे कुणी, तर तेही आम्हीच. महिन्यातून एका शनिवारी सकाळी जमायचं, पातळ कॉफी प्यायची आणि एकमेकांना युक्त्या सांगायच्या. आपण होऊन! कुणी मागितलेल्या नसताना! आता कुठला शहाणा माणूस आपली युक्ती आपण होऊन दुसऱ्याला सांगतो हो? पण इथे चढाओढ. आर्डिस लिंडक्विस्टबाई, या वडीवाल्या, अर्ध्या गावाला गणित शिकवून निवृत्त झालेल्या, त्या खुर्चीत ताठ बसून सांगणार, “हे लक्षात ठेवा, खेळणारा माणूस दिसेल ते उचलणार. उचलता आलं नाही तर ढकलणार. ढकलता आलं नाही तर चाटून बघणार. प्रत्येकाला द्यायला उत्तर तयार हवं.” आणि त्यांच्या शेजारी टोइवो हाकाला. दाताचा डॉक्टर. दिवसभर लोकांना आ करायला लावतो, स्वतः तोंड उघडत नाही. नुसती मान हलवतो आणि ऐकतो. मला सांगा, जो माणूस नुसता ऐकतो, त्याच्याकडे तुम्ही पाठ करून बसाल?

आणि आमच्याकडची माणसं इतकी गोड, की खरं काय ते कळायची सोय नाही. तुम्ही स्वयंपाक करपवून वाढा, कुणी नाक मुरडणार नाही. शांतपणे एक घास खातील आणि म्हणतील, “वेगळं झालंय हं.” अशा गावात संशय घ्यायचा नाही म्हणता? मी घेत नाहीच. मी आपला विचार करतो.

तर माझा खेळ. थट्टा बाजूला ठेवून सांगतो. उत्तरेला एका लहानशा तळ्यावर आमच्या वडिलांनी स्वतः उभारलेलं लाकडी घर होतं. एक खोली, एक लोखंडी स्टोव्ह, एक आरामखुर्ची, पुढे पडवी. वडील गेल्यावर आम्ही भावंडांनी ते विकलं, आणि घेणाऱ्यांनी पाडून तिथे सगळं काचेचं काहीतरी बांधलं. मी एकदा बघायला गेलो होतो, गाडीतून उतरलोसुद्धा नाही. फार वाईट वाटलं. मग या मंडळात आलो तेव्हा पहिल्याच दिवशी मनात आलं, की हे घर मी परत उभं करीन. शब्दांचं का होईना. कुणीतरी आत जाईल, स्टोव्ह पेटवेल. जगात दुसरीकडे कुठे नाही ना आता ते.

आणि त्या घरात मी एक कोडं घातलं. काय कोडं! वडिलांची एक बादली असायची, आमिषाचे बारके मासे ठेवायची. ती गोठलेली. आणि तिच्या बर्फात होडीघराची किल्ली. आता ती बाहेर कशी काढायची? घणानं फोडाल तर किल्ली मोडेल. स्टोव्ह पेटवायला हवा, पण लाकडं ओली. ती आधी सुकवायला हवीत... जाऊ दे, पुढचं सांगत नाही. कोण कुठून ऐकत असेल काय सांगावं.

असं माझं छान चाललेलं, आणि एका शनिवारी तो टोइवो, ज्याच्या तोंडून महिनोन्महिने शब्द फुटलेला नाही, तो एकदम म्हणतो, “आर्डिसबाई, खेळात बर्फ हळूहळू वितळवायचा असेल तर कसं लिहायचं?”

माझ्या हातातली कॉफी तशीच राहिली. बर्फ? याला बर्फ कसा सुचला? कोरीनला घरी येऊन सांगितलं तर ती म्हणते, “मर्ल, खिडकीबाहेर बघ. आपण डुलुथमध्ये राहतो.” पण तिचा स्वभाव भोळा.

त्यानंतर मी सावध झालो. मंडळात एक रीत आहे. वर्षाला मंडळाची एक स्पर्धा असते, तिला खेळ ठेवायच्या आधी तो दुसऱ्याला खेळायला द्यायचा. तो तुमच्यासमोर बसून चुकेल, अडेल, भलतंसलतं टाइप करेल, आणि तुम्ही शेजारी हात मांडीखाली दाबून बसायचं. एक अक्षर बोलायचं नाही. का, तर म्हणे आपण केलेल्या चुका आपल्याला दिसत नाहीत. वा! म्हणजे मी माझी बादली उचलून टोइवोच्या मांडीवर नेऊन ठेवायची आणि वर स्वतःचेच हात दाबून बसायचं? चोराला घरात घेऊन घरमालकाला बांधून ठेवण्याची ही पद्धत मी आख्ख्या नोकरीत बघितली नव्हती. मी म्हटलं, माझं अजून झालं नाही. दर महिन्याला म्हटलं, अजून झालं नाही. आर्डिसबाई वड्या आणत राहिल्या आणि मी खात राहिलो.

आणि घरी बसून मी बंदोबस्त केला. कुणी मागच्या वाटेनं शिरून बादलीपर्यंत पोचू नये म्हणून खिडकीची काच अशी केली, की दगड मारला तरी फुटत नाही. धुराडं अरुंद केलं. पायपुसण्याखाली काही ठेवलं नाही, कारण पायपुसण्याखाली सगळे बघतात. दाराला लाथ मारली तर आपलाच पाय दुखतो, असं उत्तर लिहिलं. पुढचं दार, आणि त्याला किल्ली. बस्स. आमच्या कंपनीनं बघितलं असतं तर हप्ता कमी केला असता.

मग वसंतात स्पर्धेचा दिवस आला. स्पर्धा कसली, लायब्ररीच्या मोठ्या पडद्यावर खेळ लावायचा, सगळ्यांनी ओरडून सांगायचं काय करायचं ते, आणि आर्डिसबाईंनी टाइप करायचं. खेळ ज्याचा, त्यानं हात मांडीखाली घालून पहिल्या रांगेत. बसलो. पडद्यावर आलं, तुम्ही पडवीत उभे आहात. मागे तळं. समोर दार. वडिलांची पडवी, आणि इतकी माणसं उभी तिच्यात.

दार उघड, कुणीतरी म्हटलं. कुलूप. पायपुसणं उचल. खाली काही नाही. मी मनात म्हटलं, बघितलंत, मी सांगितलं नव्हतं? दार ठोठाव. कुणी ओ देत नाही. खिडकी फोड. फुटत नाही. धुराड्यातून उतर. मावत नाही. पायपुसणं चाट. हे टोइवोनं सांगितलं बरं का, दाताचा डॉक्टर. दाराला लाथ मार. पाय दुखला. मला हसू आवरेना. एवढे मुरलेले लोक आणि माझ्या दारात ताटकळलेत! मग हळूहळू आवाज कमी झाले. कुणी घड्याळाकडे बघितलं, कुणी कॉफी आणायला उठलं. मागून एक आवाज आला, “वेगळं आहे हं.” तेव्हा मात्र मी हसायचा थांबलो.

आर्डिसबाई खुर्चीत वळल्या. “मर्ल, किल्ली कुठे आहे?”

मी हात मांडीखाली आणखी दाबले. नियम म्हणजे नियम. आणि मनात म्हटलं, विचारलंत अखेर.

“मर्ल, नियम मी मागे घेते. किल्ली कुठे आहे?”

“टेबलावर.”

“कुठल्या टेबलावर?”

“...आतल्या.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अहो, झालं होतं असं, की खेळ लिहिताना दर वेळी पडवीपासून कोण सुरू करत बसतो? माझा सगळा जीव बादलीत. म्हणून मी सुरुवातच आत ठेवली होती, स्टोव्हपाशी, आणि दाराची किल्ली वडील ठेवायचे तिथे, टेबलावर. शेवटच्या दिवशी खेळणाऱ्याला उचलून बाहेर पडवीत ठेवला. किल्ली राहिली आत. म्हणजे दारापासून हा खेळ मी स्वतः कधी खेळलोच नव्हतो. दुसऱ्या कुणाला दिला असता तर कॉफीच्या पहिल्या घोटाबरोबर सापडलं असतं, हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. ते मला मांडीखालचे हात सांगत होते.

किल्ली बाहेर कठड्यावर आणून ठेवायला कितीसा वेळ लागणार? तिथल्या तिथे ठेवली. आणि मग, मंडळी, दार उघडलं. सगळे आत गेले. मी पुढे सरकून बसलो, आता बादली बघतील, आता बादली...

बादलीकडे कुणी ढुंकून बघेना! एक म्हणतो, आरामखुर्चीत बस. पडद्यावर उत्तर आलं, त्याची गरज नाही. कुणी म्हणालं, कॉफी ओत. त्याची गरज नाही. खिडकीतून बघ. काही विशेष दिसत नाही. ही उत्तरं मी लिहिलेली नव्हती हो, काही सांगितलं नसलं की प्रोग्राम आपला आपण देतो ती. पण ती माझ्या वडिलांच्या घरात बोलली जात होती. वडिलांच्या खिडकीतून काही विशेष दिसत नाही! मला कानफटात मारल्यासारखं झालं. मी कोरडी लाकडं, ओली लाकडं, न फुटणारी काच, सगळं लिहून बसलो आणि खुर्चीत बसायची सोय केली नाही.

शेवटी मीच ओरडलो, अहो, कोपऱ्यात बादली आहे! तेव्हा कुठे टोइवोनं सुचवलं, लाकडं सुकव, स्टोव्ह पेटव, बादली जवळ ठेव, थांब. बर्फ वितळला, किल्ली मिळाली. त्याची कॉफी निवलीसुद्धा नव्हती. मी म्हटलं, तुला कसं आलं? तो म्हणाला, “माझ्या पहिल्या खेळात होती एक गोठलेली बादली. आर्डिसबाईंच्याही होती.” त्याच्या मागच्या रांगेनंही माना डोलावल्या. आपल्या गावात सगळ्यांच्याच पहिल्या खेळात असते म्हणे. आता मी संशय घेत नाही, मी आपला विचार... काय विचार करणार, डोंबल!

निघता निघता आर्डिसबाईंनी विचारलं, “मर्ल, त्या खिडकीतून खरं काय दिसायचं रे?” आणि मी सांगत सुटलो. संध्याकाळी वडील तळ्याच्या बर्फावर मासे धरायला गेलेले असायचे. काळोख झाला की आम्ही भावंडं काचेला नाक लावून बसायचो. लांब एक कंदील दिसायचा. हळूहळू मोठा व्हायचा. मध्येच थांबायचा. आई म्हणायची, थांबला म्हणजे शेजाऱ्याशी बोलतोय, आत्ता नको ठेवायला कॉफी. मग परत हलायला लागला की ती कॉफी ठेवायची. सगळे ऐकत होते. टोइवो तर... तो ऐकतोच.

आणि पुढच्याच महिन्यात त्यानं आपला नवा खेळ माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, तू खेळून बघ, आणि स्वतः शेजारी हात मांडीखाली दाबून बसला. एक खोली. एक खुर्ची. मी टाइप केलं, खुर्चीत बस. बसवलं त्यानं. खिडकीतून बघ. बर्फावर लांब एक कंदील. थांब. कंदील मोठा झाला. थांब. कंदील थांबला. शेजाऱ्याशी बोलत असेल. अजून नको ठेवू कॉफी.

उभा जन्म मी ज्याची वाट बघितली, तो चोर असा मुद्देमालासकट हातात सापडला, शेजारीच बसलेला, स्वतःचे हात स्वतःच अडकवून. आणि मी काय केलं? जाब विचारायचा की नाही? मी म्हटलं, “टोइवो, तुझी हरकत नसेल तर... मी अजून थोडा वेळ बसतो इथे.”