तीन छोटे, एक लांब

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आमचा चिनू झोपला. दात येत होते, रात्रभर जागा. आणि ह्यांनी तेव्हाच, सुटे पार्ट आणून घरी जोडलेला कॉम्प्युटर चालू केला. पडदा काळा, नुसतं पीं पीं.

फोन समोरच्या काकूंकडे. किती पीं वाजतात, त्यावरून बिघाड कळतो म्हणे. हे तिथून पार्ट दिलेल्या ठाण्याच्या दुकानदाराला विचारणार, काकू आमच्या दारात उभ्या राहून आवाज मोजणार, मी बटण दाबणार.

"अहो, पोरगा उठेल!"

"अगं, तू दाब!"

दाबलं.

"तीन छोटे," काकू ओरडल्या, "आणि एक लांब. चांगलाच लांब!"

दुकानदार म्हणाला, "मग डिस्प्ले कार्ड जुळत नाही. बदलून न्या."

हे डोंबिवलीहून ठाण्याला जाऊन दुसरं कार्ड घेऊन आले. संध्याकाळी बटण दाबलं. तीन छोटे. लांब नाही.

"बघ, अर्धा आजार गेला!"

मी कडेवर बिस्कीट चोखणाऱ्या चिनूकडे बघितलं. "अहो, दुपारचा लांब ह्याचा होता."

हे पुन्हा फोनवर. दुकानदार म्हणाला, "नुसते तीन? मग रॅम जुळत नाही. कार्ड बरोबरच होतं."

तुमच्या ओळखीत कोणी कॉम्प्युटर जोडत असेल तर एवढं सांगा, आधी पोर शेजारी नेऊन द्या म्हणावं.