मंगळावरच्या नळ्या आणि साताऱ्यातला ढीग

...नाही, मला एवढंच सांगा, मंगळावरची माती नळ्यांत भरून, झाकणं लावून, नंबर घालून ठेवता येते, आणि साताऱ्यातल्या त्या लॅबला आमची अर्धा किलो माती नीट ठेवता येत नाही? तुम्हाला सांगतो, आमचा कृष्णातदादा त्या नळ्यांपायी येडा झालेला. जेवताना मोबाइल पुढं! "अर्जुना, यंत्रानं माती भरून तिथंच ठेवलीया बघ. आता हितं आणून तपासणार." मी म्हणायचो, आणणार कोण? तर म्हणायचा, "ठेवलीया म्हंजे कुणीतरी आणाय जाणारच, गड्या!"

चार महिन्यांपूर्वी अपघातात गेला. आमच्याकडं आता राख नदीत सोडत नाहीत, शेतात खड्डा काढून घालतात, वर झाड लावतात. आम्ही आंबा लावला. मग उसाच्या लागणीआधी आई म्हणाली, "माती तपासून आण." दर वर्षी दादा न्यायचा, मला काय ठाऊक कुठली घ्यायची? कागदावर लिहिलं होतं म्हणे, झाडाखालची घेऊ नका... कागद वाचतो कोण! जिथं भुसभुशीत लागली तिथं खोरं घातलं, पिशवी भरली, दिली साताऱ्याला नेऊन!

आठ दिवसांनी गेलो तर लॅबवाले साहेब चष्म्यावरून बघतात. "पालाश एवढा? राख टाकली होती का?"

म्हणालो, साहेब, पिशवी परत द्या. "नमुना परत मिळत नसतो. तपासला की मागं टाकतो." आवं, त्यात माझा भाऊ हाय! साहेबांनी मागच्या दाराकडं बोट केलं. बघतो तर ढीग! अख्ख्या जिल्ह्याची माती, काळी, तांबडी, मुरमाड... ना नळी, ना नंबर! ह्यात दादा कुठला ओळखायचा? पण ठेवलीया म्हंजे कुणीतरी आणाय जाणारच ना? मागितलं पोतं, भरलं वरचं वरचं, चढवलं वाईच्या एसटीत. कंडक्टर म्हणतो, "काय रं पोत्यात?" माती. "वाईला माती न्हाई व्हय?"

आणि त्या नळ्या? अजून मंगळावरच! ठेवलीया म्हंजे कुणीतरी जाणारच... पण एवढी शिकलेली माणसं, कुणी जायचं, कसं जायचं, ह्यातच अडलीत. मी आपला सातारा करून आलो.

आईनं पोतं आंब्याखाली ओतलं, वरून हात फिरवला. "समदी त्येचीच व्हय रं?"

म्हटलं, न्हाई आई, निम्म्या जिल्ह्याची हाय.

"असू दे," म्हणाली, "त्येला एकट्याला करमत नव्हतंच."